एकटीची बोट

अक्काचा दर रविवारी फोन येतो. तिचे गुडघे, सांगलीचा पाऊस, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि कुणाचं मोडलं, हे सगळं झालं की शेवटी तिचा ठरलेला प्रश्न येतो. "मग, विकलीस का ती बोट?" मी म्हणते, नाही. त्यावर ती म्हणते, "अगं, पण एकट्या बाईचं काम आहे का ते?"

या प्रश्नाचं नीट उत्तर फोनवर मला कधीच देता आलं नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. उत्तर लांबलचक आहे आणि ते साधारण अडीचशे वर्षं मागे सुरू होतं, तेव्हा चहा घेऊनच बसा. :)

आधी बोट म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या निम्म्या नातेवाइकांना ती मुरुडच्या किनाऱ्यावरची होडी वाटते आणि उरलेल्यांना एखाद्या सिनेमातली यॉट. या दोन्ही नाहीत. हिला नॅरोबोट म्हणतात, म्हणजे अरुंद बोट. रुंदी सहा फूट दहा इंच, आणि आमची लांबी ४५ फूट. रेल्वेचा एखादा डबा चेपून पाण्यात ठेवावा तशी दिसते. पोलादी अंग, वजन बारा-तेरा टन, मागे छोटं डिझेल इंजिन. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे माणूस भराभर चालतो तेवढी. काठावरून बाबागाडी ढकलणारी आई मला हसून मागे टाकून जाते, हे नेहमीचंच.

आणि हे चालतं कालव्यात. मी पर्वतीच्या पायथ्याशी वाढले. आमच्या लेखी कालवा म्हणजे खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा, पाणी पुढे शेतांना नेणारा. इंग्लंडमधल्या कालव्याचं तसं नाही. इथे पाणी कुणाला द्यायचं नसतं, ते जपून साठवायचं असतं. कारण हा रस्ता आहे, पाण्याचा रस्ता. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने आपल्या वर्स्ली इथल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी असा रस्ता खणून घेतला आणि शहरातला कोळसा एकदम स्वस्त झाला. मग काय, जो तो कालवे खणायला धावला. खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेवरून घोड्याच्या पाठीवर माल नेला तर घोडा दीड-दोन क्विंटलच्या वर काही नेऊ शकत नाही. तोच घोडा कालव्याच्या काठाने चालत पंचवीस टनांची बोट ओढतो. हे गणित कळायला कुणाला वेळ लागणार?

ब्रिजवॉटर कालव्याच्या बांधणीत ज्याचा मोठा हात होता त्या जेम्स ब्रिंडलीने पुढे ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम घेतलं. १७६६ साली ते सुरू झालं. जोसाया वेजवुड या प्रसिद्ध कुंभाराने पहिली कुदळ मारली. कपबशा खड्ड्यांतून नेताना फुटतात, पाण्यावरून नेताना फुटत नाहीत, हा त्याचा रोकडा हिशेब. या कालव्याला डोंगर चढायचा होता, त्यासाठी लॉक हवीत. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, वरचं पाणी आत सोडलं की बोट वर चढते, खाली काढलं की उतरते. ब्रिंडलीने हे हौद फक्त सात फूट रुंद बांधले. खोदाई कमी, पाणी कमी, आणि मुख्य म्हणजे बोगदे अरुंद. त्यातला हेअरकॅसलचा २,८८० यार्डांचा बोगदा पुरा व्हायला ११ वर्षं लागली. १७७७ साली कालवा पूर्ण झाला तेव्हा ब्रिंडली जाऊन पाच वर्षं झाली होती. पण त्याने ठरवलेली ती सात फुटांची रुंदी मध्य इंग्लंडच्या कालव्यांना कायमची चिकटली. माझ्या पलंगाची रुंदी आज त्या माणसामुळे ठरते!

आता मुद्द्याकडे येते. ब्रिंडलीने रुंदी ठरवली तसं आणखी एक गृहीत धरलं, ते म्हणजे माणसं. एक घोड्याबरोबर चालणारा, एक मागे सुकाणू धरणारा, एक पुढे धावत जाऊन लॉक तयार ठेवणारा. सुरुवातीच्या काळात बोटींवर पगारी पुरुष असत. रात्रंदिवस न थांबता धावणाऱ्या 'फ्लाय' बोटींवर तर चार-चार. घोड्यासाठी वाट नसलेल्या बोगद्यात घोडा डोंगरावरून न्यायचा आणि माणसांनी फळीवर आडवं पडून भिंतीला पाय देत बोट पुढे ढकलायची. हेअरकॅसलमध्ये याला दोन-तीन तास लागत. एकट्याने बोट चालवायची ही कल्पनाच या सगळ्या बांधकामात कुठे नाही.

मग रेल्वे आली. भाडी घसरली. बोटवाल्यांना काठावरचं घर आणि बोटीवरचे पगारी मदतनीस दोन्ही परवडेनात. तेव्हा अनेकांनी घर सोडलं आणि बायको-मुलांना बोटीवर आणलं. सत्तर फुटांच्या बोटीत माल भरल्यावर मागे उरणारी खोली साधारण दहा फूट बाय सात. त्यात स्टोव्ह, भिंतीत दुमडणारा पलंग, फळीवर झोपणारी मुलं. कपाटांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. आज त्या चित्रांची फार कौतुकं होतात. मी पहिल्यांदा संग्रहालयात तशी खोली पाहिली तेव्हा मला चाळीतलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. तिथेही इंच इंच जागा चकचकीत ठेवलेली असे, कारण तेवढीच आपली होती.

आणि गंमत बघा. कंपनी पैसे देई ते फेरीमागे किंवा टनामागे, आणि देई ते कप्तानाच्या हातात. सुकाणू धरणारी बायको, लॉकचे दरवाजे ढकलणारी दहा वर्षांची पोर, घोड्यामागे चालणारा मुलगा यांचं नाव पगाराला नाही. म्हणजे कागदोपत्री बोट एकट्याची! १८७७ आणि १८८४ मध्ये कायदे झाले, जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने त्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. बोटींची नोंदणी सुरू झाली, एका खोलीत किती जणांनी राहायचं ते ठरलं, मुलांच्या शाळेचा विषय निघाला. बोटीवरच्या बायका-मुलांची सरकारने दखल घेतली ती अशी, पण राहणारी माणसं म्हणून. राबणारी माणसं म्हणून ती मोजायचं राहिलंच.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. कारण आमच्या बोटीवर काय वेगळं होतं?

सुधीरने ती २००८ साली घेतली. कागद त्याच्या नावावर. अकरा वर्षं आम्ही सुट्ट्यांमध्ये फिरलो आणि या अकरा वर्षांत मी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरला असेल पाच-सहा वेळा, तोही तो आत चहा करायला गेला तेव्हा. मी लॉकवाली. हातात विंडलास घेऊन पुढे धावायचं, पाणी सोडायचं, दरवाजा ढकलायचा, बोट गेली की लावायचा, पुन्हा धावायचं. इथल्या कालव्यांवर बहुतेक जोडप्यांचं असंच असतं. नवरा मागे ऐटीत उभा, बायको घामाघूम. जुन्या बोटींवर पुष्कळदा उलट असे, बाई सुकाणूवर आणि पुरुष-पोरं लॉकवर. ते मला फार उशिरा कळलं, नाहीतर तेव्हाच भांडले असते.

२०१९ च्या नोव्हेंबरात सुधीर गेला. पुढचं वर्ष तसंही सगळ्यांनीच घरात बसून काढलं. बोट काठाला बांधलेली, छतावर शेवाळ. मुलगा म्हणाला, आई, विकून टाक. अक्का तर म्हणतच होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी विकण्याआधी साफ करायला म्हणून गेले, इंजिन सुरू होतंय का ते पाहिलं, झालं. मग दोर सोडला.

तर आता, एकटीने चालवायला काय लागतं ते. कुणाला खरंच करायचं असेल तर उपयोगी पडेल, आणि अक्काची काळजी निम्मी होईल (किंवा दुप्पट).

पहिली गोष्ट म्हणजे मधला दोर. बोटीच्या छताच्या मध्यावर एक कडी असते, तिला बांधलेला. पुढचा आणि मागचा दोर दोन माणसांसाठी, मधला एकटीसाठी. काठाला उतरताना हा हातात असला तर बारा टनांची बोट एका बाईला आवरते, कारण दोन्ही टोकं त्याभोवतीच झुलतात. याची लांबी अशी ठेवायची की तो पाण्यात पडला तरी मागच्या पंख्यापर्यंत पोचणार नाही. खोल लॉकसाठी दुसरा लांब दोर त्याच कडीला, गुंडाळून वेगळा. मी एकदा आळस करून लांबच दोर वापरला आणि मग दोन तास पालथं पडून, इंजिनाजवळच्या झाकणातून पाण्यात हात घालून, पावाच्या सुरीने पंख्यात गुरफटलेला दोर कापत बसले. इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून. हे सांगायची गरज नसावी, पण सांगते.

दुसरी, विंडलास. लॉकचं पाणी सोडायच्या झडपा फिरवायचं हे लोखंडी हँडल. दोन हवीत, कारण एक कधीतरी पाण्यात जाणारच. जुने बोटवाले ते पाठीमागे पट्ट्यात खोचत, तसंच करायचं, म्हणजे शिडी चढताना दोन्ही हात मोकळे. आणि झडप उघडली की हँडल तिथेच अडकवून कधी ठेवायचं नाही. खटका सुटला तर ते गरगर फिरून मनगट मोडतं.

बाकी सामान साधं आहे. जमिनीत ठोकायच्या मेखा, जड हातोडा, लांब काठी, हातमोजे, बोगद्यासाठी पुढचा दिवा, भोंगा, नळाची किल्ली बुचाच्या गोळ्याला बांधलेली म्हणजे पडली तरी तरंगेल. मोबाईल छतावर नाही, अंगावर. आणि लाइफजॅकेट. दोघं असताना आम्ही कधी घातलं नव्हतं.

सुकाणूचं तंत्र यायला मला महिना लागला. टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे एकवेळ जमतं. पण बोट पुढून वळत नाही, मध्यावर फिरते, म्हणजे नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे आपटतं, हे अंगात भिनायला वेळ लागतो. पंखा सुकाणूवर पाणी फेकत असेल तरच ती ऐकते. वेग कमी केला की ऐकणं बंद. मागे घेताना तर ती अजिबात ऐकत नाही, वर सुकाणूचं पातं तळाशी अडलं तर टिलर सपकन फिरून आपल्याला पाण्यात फेकू शकतो, पंखा फिरत असताना. म्हणून टिलर आणि काठ यांच्यामध्ये कधी उभं राहायचं नाही. आणि उडी मारायची नाही. बोट काठाला लागू द्यायची, मग पाय टाकायचा. घाई झाली असेल तर आणखी सावकाश.

आता लॉक. चढताना: बोट खाली बांधायची, वर जाऊन हौद रिकामा करायचा, दरवाजे उघडायचे, परत येऊन बोट आत आणायची, इंजिन न्यूट्रलमध्ये. मधला दोर खांद्यावर टाकून भिंतीतली ओली शिडी चढायची. वर खुंटाला एक वेढा द्यायचा, गाठ नाही. दरवाजे लावून झडप अर्धीच उघडायची, कारण पाणी आत घुसताना बोटीला आधी पुढे ओढतं, मग मागे. ती वर येईल तसा दोर आवळत जायचं.

उतरताना धोका वेगळा. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा असतो, पाणी ओसरलं की तो उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर नाक खाली जातं आणि बोट मिनिटांत बुडते. उंबरठा कुठपर्यंत आहे त्याची पांढरी रेघ काठावर रंगवलेली असते. तिच्या पुढेच राहायचं, पुन्हा पुन्हा बघायचं.

मला ते पाठ होतं. माझी चूक दुसरीच झाली. मे महिन्यात, तिसऱ्या-चौथ्या लॉकवर, मी दोर खुंटाला गाठ मारून ठेवला आणि झडपा उघडायला गेले. अकरा वर्षांत मी दोर कधी सांभाळला नव्हता, तो सुधीरचा प्रांत. पाणी उतरू लागलं. बोट एका कुशीवर तिरकी व्हायला लागली, आतून कपाटातले डबे पडल्याचा आवाज आला, तेव्हा माझं लक्ष गेलं. दोर तारेसारखा ताणलेला, गाठ सुटणं शक्य नाही. अशा वेळी दोराकडे धावायचं नसतं, झडपेकडे धावायचं असतं. खालची झडप पाडायची म्हणजे पाणी उतरायचं थांबतं, मग वरची थोडी उघडून बोट पुन्हा उचलायची. ते मी केलं. कसं केलं आठवत नाही. लॉक हे माझं काम होतं, ते हातांना माहीत होतं. नंतर गवतावर बसले आणि खूप रडले. डबे पडल्यामुळे नव्हे, हे कळलंच असेल.

पण तिथे बसल्या बसल्याच लक्षात आलं, की मला अर्धं काम चांगलं येत होतं आणि अर्धं शिकायचं होतं. सुधीर मागे राहिला असता तर त्यालाही हेच झालं असतं, फक्त उलट अर्धं.

त्याच वर्षी सप्टेंबरात मी टार्डेबिगला गेले. वूस्टर-बर्मिंगहॅम कालवा १८१५ साली पुरा झाला. ३० मैलांत ५८ लॉक, त्यातली ३० एकापाठोपाठ एक टार्डेबिगच्या चढावर. सव्वादोन मैलांत २२० फूट चढ. प्रत्येक हौदाला सुमारे एक लाख लिटर पाणी. हाच कालवा पुढे बोर्नव्हिलच्या कॅडबरी कारखान्याच्या कडेने जातो. १८७९ पासून तो कारखाना तिथे आहे. कालव्याने तिथे चॉकलेटचा कच्चा माल १९६१ पर्यंत येत होता. लहानपणी वाढदिवसाला मिळणाऱ्या त्या जांभळ्या कागदाचा या पाण्याशी संबंध असेल असं कधी वाटलं होतं का?

पहाटे सहाला सुरुवात केली. दहाव्या लॉकपर्यंत उत्साह होता. पंधराव्याला बोटवाल्या बायका आठवल्या, छतावर लेकरू बांधून ठेवून हेच करणाऱ्या. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा शहरातल्या मुलींना शिकवून ग्रँड युनियन कालव्यावर पाठवलं. लंडनहून धातू घेऊन बर्मिंगहॅमला, येताना कोव्हेंट्रीचा कोळसा. दोन बोटींच्या जोडीवर तीन मुली. त्यांच्या बिल्ल्यावर आय. डब्ल्यू. ही अक्षरं होती, इनलँड वॉटरवेज. त्याचं पुढे 'आयडल विमेन' केलं, आळशी बाया! त्यांना निदान पगार होता आणि नाव होतं, आणि काहींनी पुस्तकं लिहिली म्हणून आपल्याला ते माहीत. बोटींवर जन्मलेल्या बायकांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हतं.

विसाव्या लॉकवर संस्थेचा एक पांढऱ्या दाढीचा स्वयंसेवक भेटला. "मदत करू?" म्हणाला. आधी मी नको म्हणणार होते, तीसच्या तीस एकटीने करायची म्हणून. मग म्हटलं, हा कुठला हट्ट? या कालव्यावर एकट्याने कुणी कधी काही केलंय? पुढची चार लॉक त्याने दरवाजे लावले. उरलेली सहा मी.

दुपारी दोनला वरच्या लॉकमधून बाहेर पडले. त्याच्या वरच्या बाजूला १९४५ च्या ऑगस्टमध्ये टॉम रोल्टची 'क्रेसी' बोट बांधलेली होती. १९३९ साली तो आणि त्याची बायको अँजेला तीवर राहायला गेले. १९४४ मध्ये त्याचं 'नॅरो बोट' हे पुस्तक आलं. ते वाचून रॉबर्ट आयकमन नावाचा लेखक त्याला इथे भेटायला आला, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. पुढे १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि मालवाहतूक जवळजवळ संपली. पण तोवर लोकांना सहलीची गोडी लागली होती. १९६८ च्या कायद्याने अनेक कालवे सहलीसाठी राखले. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे एक धर्मादाय संस्था सांभाळते, आणि दाढीवाल्या आजोबांसारखे हजारो जण फुकट राबतात. म्हणजे हातांची गोष्ट अजून संपलेली नाही. पूर्वी बायका-पोरं बिनपगारी होती कारण कुणी विचारलं नाही. हे आजोबा आपल्या खुशीने येतात. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

त्या संध्याकाळी बोट बांधून मी परवान्याचे कागद काढले. बोटीचा धनी या रकान्यात सुधीरचं नाव होतं, ते बदलायचं दोन वर्षं टाळत होते. ते खोडताना वाईट वाटलं. माझं लिहिताना मात्र अक्षर वळणदार आलं.

असो. या रविवारी अक्काला हे सगळं थोडक्यात सांगितलं. बोट विकत नाही, हेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "बरं. पण ते जॅकेट घालतेस ना?"

घालते, अक्का.